डिजिटल मॉडेल रेल्वेच्या सांध्यांना मोटर कशी जोडावी आणि कशी चालवावी

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतल्या विजेबरोबरच आज्ञाही पाठवण्याच्या) पद्धतीच्या मॉडेल रेल्वेत गाडीचा वेग, दिवे आणि शिट्टी हातातल्या नियंत्रकावरून सांभाळता येत असताना सांधे, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ, मात्र बोटाने ढकलावे लागणे फार काळ कोणालाच रुचत नाही. सांध्यांना मोटर बसवणे तसे अवघड नाही. परंतु दोन वायरींत सगळे भागते, ही डीसीसीची ख्याती ऐकून बहुतेक जण सांध्यांचे डिकोडरही (आज्ञा वाचून मोटर फिरवणारी छोटी उपकरणे) रुळांच्याच वायरींना जोडून मोकळे होतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. उलट लागलेल्या सांध्यावर इंजिन चढले की फ्रॉगवर, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, शॉर्ट होतो आणि कमांड स्टेशन (रुळांना वीज व आज्ञा पुरवणारे मुख्य उपकरण) वीज तोडते. सांधा फिरवला तर शॉर्ट जाईल हे डोळ्यांना दिसत असते, पण तो फिरवता येत नाही, कारण त्याच्या डिकोडरची वीजही त्याच क्षणी गेलेली असते. त्यामुळे कोणती मोटर घ्यावी याच्याइतकेच तिची वीज कुठून आणावी हे आधी ठरवावे लागते.

पुढील मांडणीसाठी एचओ प्रमाणातील, म्हणजे 1:87 आकाराची आणि 16.5 मिमी गेजची एक छोटी रचना गृहीत धरली आहे. तिच्यात मुख्य मार्ग, एक लूप लाइन आणि एक सायडिंग असून, धातूचा फ्रॉग असलेले तीन सांधे आहेत.

मोटरीची निवड

सोलेनॉइड मोटरीत दोन कॉइल असतात. ज्या कॉइलला क्षणभर वीज मिळते ती मधली दांडी आपल्याकडे ओढते आणि सांधा खट्कन फिरतो. या एका क्षणात काही अँपिअर वीज लागते, आणि तीच वीज दोन-चार सेकंद चालू राहिली तर कॉइल जळते. म्हणून पुशबटणाने चालवायच्या सोलेनॉइडला कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावतात. त्यातील कपॅसिटर आपली साठवलेली वीज एका झटक्यात देतो, आणि नंतर बटण दाबून धरले तरी कॉइलपर्यंत फारशी वीज पोहोचत नाही. सोलेनॉइडसाठी बनवलेल्या बहुतेक डिकोडरमध्ये ही सोय आतच असते; डिकोडर आणि कॉइल यांच्यामध्ये पुन्हा वेगळे युनिट घालू नये.

दुसरा प्रकार स्टॉल मोटरीचा. टॉर्टॉइज ही त्यातील सर्वांत परिचित मोटर आहे. ती 12 व्होल्ट डीसीवर चालते, सांधा सावकाश सरकवते आणि टोकाला पोहोचल्यावर तशीच दाब देत थांबून राहते. थांबलेल्या अवस्थेत ती साधारण 16 मिलिअँपिअर वीज घेते, म्हणजे अशा 20 मोटरी सतत जोडलेल्या असल्या तरी भार 320 मिलिअँपिअरच्या आसपासच राहतो. तिच्या अंगातच स्विचचे दोन संच असल्याने सांध्याच्या दिशेनुसार फ्रॉगला योग्य रुळाची वीज देण्याचा प्रश्नही तिथेच सुटतो. तिसरा पर्याय एसजी90 सारख्या छोट्या सर्व्होचा, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणाऱ्या मोटरीचा. तो सर्वांत स्वस्त पडतो, पण त्याला 5 व्होल्टचा वेगळा पुरवठा आणि सर्व्होसाठीचा डिकोडर लागतो, आणि वीज सुरू करताना तो कधीकधी उगाच हिसका देतो. प्रेक्षकांच्या नजरेसमोर असलेल्या सांध्यांना स्टॉल मोटरच शोभते असे माझे मत आहे. मागच्या लपलेल्या यार्डात सोलेनॉइडने भागते.

मोटरी आणि डिकोडर आपल्याकडे बहुधा परदेशातून मागवावे लागतात. वायर, टर्मिनल पट्ट्या, छोटे स्विच आणि एलईडी मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतात. डिकोडरला बाहेरून 12 व्होल्ट डीसी चालत असेल, तर सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी विकला जाणारा 2 अँपिअरचा ॲडॉप्टर पुरेसा होतो. 230 व्होल्टची उघडी जोडणी बोर्डाखाली कुठेही नसावी.

मोटर बसवणे

प्रथम, रूळ कायमचे चिकटवण्यापूर्वीच सांध्याच्या टाय बारखाली (सरकते रूळ एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीखाली) प्लायवूडला सुमारे 10 मिमीचे भोक पाडावे. फ्रॉगला आधीच वायर नसेल तर तीही आत्ताच सोल्डर करून खाली सोडावी, कारण खडी पसरल्यानंतर हे काम करताना स्लीपर वितळतात. पेको कंपनीच्या सांध्यांत सरकते रूळ एका बाजूला दाबून धरणारी एक बारीक स्प्रिंग असते. सोलेनॉइडसाठी ती राहू द्यावी. स्टॉल मोटर किंवा सर्व्हो लावायचा असेल तर काढून टाकावी, नाहीतर सावकाश सरकण्याची मजाच जाते.

त्यानंतर सरकते रूळ मधोमध आणावेत आणि दोन्ही बाजूंच्या फटीत पुठ्ठ्याचे बारीक तुकडे खोचून तिथेच धरावेत. मोटरीची तारही मधल्या स्थितीत ठेवून टाय बारच्या छिद्रात घालावी आणि मोटर आधी फक्त दुहेरी टेपने चिकटवावी. पुठ्ठा काढून दोन्ही दिशांना चालवून पाहावे. रूळ दोन्हीकडे घट्ट टेकत असतील तरच स्क्रू पिळावेत. प्लायवूड जाड असल्यास सोबत आलेली तार मोटरीचा जोर वरपर्यंत न पोहोचवता मध्येच वाकते. अशा वेळी सुमारे 1 मिमी जाडीची पोलादी तार घ्यावी.

वायरिंग

कमांड स्टेशनमधून निघणाऱ्या दोन वायरींचे सुरुवातीलाच दोन फाटे करावेत. एक फाटा सर्किट ब्रेकरमधून रुळांकडे जाईल. दुसरा ब्रेकरच्या आधीच निघून फक्त सांध्यांच्या डिकोडरकडे जाईल. ब्रेकर असा निवडावा की शॉर्ट झाल्यावर तो कमांड स्टेशनच्या आधी तुटेल. मग रुळांवरची वीज गेली तरी सांध्यांची लाइन जिवंत राहते, आणि अडकलेल्या इंजिनाखालचा सांधा फिरवून शॉर्ट काढता येतो. डिकोडरला नुसता बाहेरचा ॲडॉप्टर जोडून हे काम होत नाही. कमांड स्टेशन स्वतःच बंद पडले तर मोटरीला वीज असते, पण सांधा फिरवण्याची आज्ञा डिकोडरपर्यंत पोहोचतच नाही. रुळांच्या लाइनीसाठी 1.5 चौरस मिमीची आणि सांध्यांच्या लाइनीसाठी 1 चौरस मिमीची वायर घ्यावी, व दोन्ही लाइनींचे रंग वेगवेगळे ठेवावेत.

टॉर्टॉइजवर आठ जोड असतात. 1 आणि 8 हे मोटरीचे असून ते डिकोडरच्या आउटपुटला जातात. 4 क्रमांकाच्या जोडावर फ्रॉगची वायर, आणि 2 व 3 वर सांध्याच्या दोन बाहेरच्या रुळांच्या वायरी लावाव्यात. फ्रॉगमधून पुढे निघणाऱ्या दोन्ही रुळांवर प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर हवेत. ते विसरले तर पुढच्या रुळांतून उलटी वीज फ्रॉगकडे येते आणि दोष मोटरीत शोधण्यात वेळ जातो.

रुळांना वीज देण्यापूर्वी मल्टिमीटर बझरवर ठेवून सांधा ज्या बाजूला टेकला आहे त्याच बाजूच्या रुळाशी फ्रॉग जोडला गेला आहे का ते पाहावे. उलट असेल तर 2 आणि 3 वरील वायरी आपसांत बदलाव्यात. सांधा बरोबर फिरतो पण नियंत्रकावर 'सरळ' म्हटले की वळणाकडे जातो, हा मात्र वेगळा दोष आहे. त्यासाठी 1 आणि 8 बदलावेत. फ्रॉगचा स्विच मोटरीच्या यंत्रणेशीच जखडलेला असल्याने या बदलाने फ्रॉगची जोडणी बिघडत नाही. नवे हात हे दोन दोष एकच समजतात आणि चारही वायरी बदलून पुन्हा मूळ घोळात येतात.

वीज सुरू केल्यावर एक रुपयाचे नाणे सांध्याच्या आधी, मग पुढच्या दोन्ही मार्गांवर, रुळांवर आडवे ठेवावे. प्रत्येक ठिकाणी ब्रेकर लगेच तुटला पाहिजे, आणि तो तुटलेला असतानाही सांधा फिरला पाहिजे. ब्रेकर तुटत नसेल तर तिथपर्यंतची वायर बारीक आहे किंवा एखादा जोड कच्चा आहे, असे समजावे.

ॲड्रेस आणि नियंत्रण

अनेक डिकोडरमध्ये ॲड्रेस देण्यासाठी एक छोटे बटण असते. एलईडी लुकलुकू लागेपर्यंत ते दाबून धरावे आणि नियंत्रकावरून हव्या त्या क्रमांकाच्या सांध्याला आज्ञा पाठवावी, की डिकोडर तो क्रमांक स्वीकारतो. चार आउटपुट असलेला डिकोडर सामान्यतः ओळीने चार क्रमांक घेतो. इंजिनांचे आणि सांध्यांचे क्रमांक वेगळे मोजले जातात, त्यामुळे 3 क्रमांकाचे इंजिन आणि 3 क्रमांकाचा सांधा सुखाने एकत्र नांदतात. रोको कंपनीच्या काही उपकरणांत क्रमांक चारने सरकलेले आढळतात. 5 म्हटल्यावर 1 किंवा 9 हलला तर डिकोडर बिघडलेला नसतो. प्रत्येक सांध्याचा क्रमांक बोर्डाखाली मोटरीवरच पक्क्या शाईने लिहून ठेवावा.

साधे सांध्यांचे डिकोडर कमांड स्टेशनला उत्तर देत नाहीत. पडद्यावर दिसणारी स्थिती ही पाठवलेली आज्ञा असते, प्रत्यक्ष हालचाल नव्हे. लपलेल्या सांध्यांसाठी मोटरीच्या दुसऱ्या स्विच संचाचे 5, 6 आणि 7 हे जोड वापरून पॅनेलवर दोन एलईडी लावावेत. त्यात 5 हा सामाईक आहे. प्रत्येक एलईडीला रेझिस्टर हवाच, 12 व्होल्टसाठी 1 किलोओहमचा चालतो.

संगणकावरून चालवायचे असल्यास जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात स्थानकाचा नकाशा काढून सांधे माऊसने फिरवता येतात, आणि एका क्लिकवर पूर्ण मार्ग लावता येतो. एका मार्गात एकाच डिकोडरवरचे अनेक सोलेनॉइड येत असतील, तर दोन आज्ञांमध्ये कपॅसिटर पुन्हा भरण्याइतका, म्हणजे साधारण सेकंदभराचा अवकाश ठेवावा. तो न ठेवल्यास पहिला सांधा जोरात फिरतो, दुसरा कसाबसा आणि तिसरा अर्ध्यावर राहतो. असा अर्धवट सांधा दिसला की कॉइल बदलण्याआधी हा अवकाश वाढवून पाहावा.