खूबकला ओळखावी कशी आणि तिचे बी जमवावे कसे

पौष-माघात ग्वाल्हेरच्या भोवतालची मोहरीची शेते पिवळी होतात, त्याच सुमारास बांधांवर, पडक्या भिंतींच्या पायथ्याशी आणि नाल्यांच्या कडेला मोहरीच्याच कुळातील एक रानटी वनस्पती फुलते. युनानी औषधांत तापावर वापरले जाणारे आणि पंसाऱ्याकडे खूबकला किंवा खाकसी या नावाने मिळणारे बारीक बी ते हिचेच. शास्त्रीय नाव सिसिंब्रियम आयरिओ. इंग्रजीत हिला लंडन रॉकेट म्हणतात, कारण १६६६ च्या आगीनंतर लंडनच्या जळक्या ढिगाऱ्यांवर ती विपुल उगवली होती. मोडतोडीच्या जागेची ही आवड आपल्याकडेही दिसते, म्हणून शोध शेताच्या मध्यात न घेता कडेने घ्यावा.

ओळख फुलावरून सुरू करावी, पण फुलावर थांबू नये. चार पाकळ्या अधिक-चिन्हासारख्या आणि सहा पुंकेसर, त्यांपैकी चार लांब व दोन आखूड, ही ठेवण या कुळातील बहुतेक वनस्पतींत असल्याने तिच्यावरून केवळ कूळ निश्चित होते. खूबकलेचे फूल मोहरीच्या फुलापेक्षा पुष्कळ लहान, पाकळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. खरी खूण मात्र शेंगेची आहे: कोवळ्या शेंगा शेंड्यावरच्या फुलांच्याही वर डोके काढतात, त्यामुळे फुले शेंगांच्या जुडीत दडल्यासारखी भासतात. शेंग दोऱ्यासारखी बारीक, तीन ते पाच सेंटिमीटर लांब असते आणि मोहरीच्या शेंगेला टोकाशी जी चोच असते, ती हिला नसते. माझ्या मते नवशिक्याने या दोन खुणा जुळल्याशिवाय झाडाला नाव देऊच नये.

पिवळ्या धोत्र्याची गल्लत विशेषतः टाळावी. तो खसखशीच्या कुळातला. पाने काटेरी, देठ मोडताच पिवळा चीक येतो आणि बोंडही काटेरी असते. त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते व विषारी असते; त्याच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ झाल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलोदराच्या साथीने अनेकांचे प्राण घेतले.

खालच्या शेंगा फिकट पिवळ्या पडल्या की सकाळी, दव वाळल्यावर, फांद्या कापाव्यात. उशीर केल्यास शेंगेची दोन्ही टरफले खालून सुटतात, बी सांडते आणि मागे मधला पातळ पडदा तेवढा उरतो. तणनाशक फवारलेल्या गव्हाच्या बांधावरील किंवा सांडपाण्याच्या नाल्याकाठची झाडे घेऊ नयेत. कापलेल्या फांद्या कागदी पिशवीत शेंडा खाली करून सावलीत आठवडाभर टांगाव्यात, मग पिशवी हातांनी चोळून बी बारीक चाळणीने चाळावे. बी जेमतेम एक मिलिमीटरचे, पिवळसर-तांबूस असते आणि पाण्यात भिजवल्यावर त्याभोवती बुळबुळीत आवरण येते. औषध म्हणून ते घ्यायचे असल्यास वैद्याला किंवा हकिमाला विचारूनच घ्यावे.

एक फांदी फुले, शेंगा आणि खालच्या पानांसह वर्तमानपत्रात दाबून ठेवावी, पहिला आठवडा कागद रोज बदलावा आणि चिठ्ठीवर जागा व तारीख लिहावी. पुढच्या वर्षी शंका आली की हाच नमुना शेजारी ठेवून ताडून पाहता येतो.