कोंबडीच्या गर्भाच्या रक्तात आदिजननपेशी सापडत नाहीत? या चुका टाळा

ज्या पेशींपासून पुढे अंडी किंवा शुक्राणू होतात, त्या आदिजननपेशी. कोंबडीच्या गर्भात त्या बीजग्रंथीत, म्हणजे अंडाशयात किंवा वृषणात, जन्मत नाहीत. डोक्याच्या पुढच्या चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात त्या जमतात, तिथून रक्तात शिरतात आणि फिरत फिरत भावी बीजग्रंथीच्या जागी उतरतात. चार्ल्स स्विफ्टने हे १९१४ साली मांडलं. हे पाठ सगळ्यांना असतं, तरी स्लाइड रिकामी निघते.

घड्याळावर विसंबणं. सगळ्यात जास्त अंडी या एका चुकीपायी वाया जातात. रक्त कधी घ्यायचं यासाठी दिला जाणारा ‘५० ते ५५ तास’ हा आकडा ३८ अंशांच्या इनक्युबेटरमधला आहे, आणि त्याआधी अंडं १५ ते १८ अंशांत थंड राहिलंय हे त्यात गृहीत धरलेलं असतं. वडोदऱ्याच्या मे महिन्यात हे गृहीतक कोसळतं. हॅचरीतून भर दुपारी स्कूटरवर आणलेला ट्रे ‘उद्या लावू’ म्हणून टेबलावर राहतो. खोलीत ३५ अंश, त्यामुळे गर्भ तिथेच वाढू लागतो, आणि तोही वेडावाकडा. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर, मग ५२ तास मोजून रक्त घेतलं जातं. वीस स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले रक्ताचे थर, पाहूनही एक आदिजननपेशी दिसत नाही. मग या पेशी रंगवणाऱ्या शिफ द्रावणाचा दोष काढून नवी बाटली मागवली जाते. त्याच गर्भांकडे नीट पाहिलं तर पंख आणि पाय यांच्या जागी फुगवटे आलेले, शेपूट आत वळलेली. म्हणजे गर्भवाढीची सतरावी-अठरावी अवस्था उलटून गेली होती आणि बहुतेक पेशी रक्तातून कधीच उतरल्या होत्या.

म्हणून तास मोजू नका, सोमाइट मोजा, म्हणजे गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेलगत जोडीजोडीने दिसणारे ठोकळे. हॅम्बर्गर-हॅमिल्टन या गर्भवाढीच्या क्रमवारीतल्या तेराव्या ते पंधराव्या अवस्थेत, म्हणजे साधारण १९ ते २७ जोड्या असताना रक्त घ्या. बाविसाच्या आसपास उत्तम. मोजायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवणारा दोन दिवस घालवतो. आणि अंडी आल्या आल्या थंड जागी ठेवा, मग कितीही घाई असो.

दुकानातली खाण्याची अंडी लावू नका, ती फलित नसतात.

गार सलाइन. फ्रिजमधलं द्रावण गर्भावर टाकलं की हृदय मंदावतं, महाधमनीत रक्त साचतं आणि काचेच्या बारीक नळीत काही येत नाही. रिंगर, म्हणजे गर्भावर टाकायचं क्षारांचं द्रावण, ३७ अंशांवर हवं, लिटरला ७.२ ग्रॅम मीठ असलेलं. माणसासाठीचं ०.९ टक्क्याचं इथे नको.

प्रत्येक मोठ्या गोल पेशीला जननपेशी म्हणणं. नवशिक्यांची ही लाडकी चूक. पक्ष्यांच्या लाल पेशींना केंद्रक असतं, आणि या वयात त्या गोलसर आणि बऱ्यापैकी मोठ्याही असतात. आदिजननपेशी त्याहूनही मोठी, केंद्रक एका बाजूला सरकलेलं, आणि पेशीद्रव ग्लायकोजेन या साठवणीच्या कर्बोदकाने भरलेला, म्हणून पीएएसमध्ये (शिफ वापरून रंगवण्याच्या पद्धतीत) गडद किरमिजी. हजार रक्तपेशींमागे एकही नसते. स्लाइडभर दिसू लागल्या तर आनंद मानू नका, शंका घ्या. एक स्लाइड रंगवण्याआधी अर्धा तास लाळेत, ३७ अंशांवर ठेवा. लाळेतलं अमायलेज ग्लायकोजेन पचवतं. रंग गेला तरच ती आपली पेशी. ही तुलनेची स्लाइड टाळणाऱ्याच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये.

फॉर्मॅलिनच्या पाण्यात ग्लायकोजेन विरघळून जातं, म्हणून पेशी टिकवायला कार्नॉय हे अल्कोहोलचं द्रावण वापरा. शिफ आपोआप गुलाबी झालं असेल तर फेका. शिफनंतर वाहत्या पाण्यात दहा मिनिटं धुवा. रंग तिथेच चढतो, आणि नेमकी हीच पायरी लोक उरकतात.

कोंबडीचं उंदराला लावणं. उंदरात आणि माणसात या पेशी रक्तातून जात नाहीत; पश्चांत्राच्या (आतड्याच्या मागच्या भागाच्या) भिंतीतून आणि आंत्रयोजनीतून (आतडं पाठीकडे धरून ठेवणाऱ्या पडद्यातून) स्वतः सरकत जातात.

बीजग्रंथीच्या जागी उतरलेल्या पेशी मोजताना एकाच बाजूचे छेद (गर्भाचे पातळ काप) घेऊन आकडा दुप्पट करू नका. कोंबडीत डाव्या बाजूला जास्त उतरतात. काही तर डोक्याकडच्या केशवाहिन्यांत अडकून राहतात, तेव्हा पुढचे छेद फेकण्याआधी तेही तपासा.