दूध संस्थेची वही पायथनमध्ये: एसक्यूएलअल्केमीत टेबलं आणि त्यांची नाती

आमचा मामा गावच्या दूध संस्थेत सचिव, गाव कोल्हापूरपासून अर्ध्या तासावर, आणि दर दहा दिवसाला बिलं काढायची वेळ आली की वहीतल्या बेरजांनी त्याचं डोकं उठतं. मला म्हणाला, तू कॉम्प्युटरवाला ना, मग काढ की कायतरी. म्हणून पायथन आणि एसक्यूएलअल्केमी (पायथनच्या क्लासमधून डेटाबेसची टेबलं हाताळायची लायब्ररी) घेऊन बसलो, जरा इस्कटूनच सांगतो.

नेटवर जुन्या पद्धतीचे ट्युटोरियल लय आहेत. एसक्यूएलअल्केमीचं २.० व्हर्जन जानेवारी २०२३ ला आलं, त्यात डिक्लरेटिव्हबेसवरून आपला बेस क्लास काढायचा आणि कॉलम मॅप्ड, मॅप्ड_कॉलम वापरून लिहायचे. तेच धरा.

टेबलं दोनच. क्लास सभासद, त्याचं टेबल सभासद_यादी. क्लास नोंद, त्यात तारीख, सकाळ का संध्याकाळ, लिटर, फॅट, दर. पैसे फ्लोटमध्ये ठेवू नका, पैशा-पैशाचा फरक पडतो आणि बिलात एक पैसा कमी दिसला तरी माणसं वही उघडायला लावतात. दशांशासाठी न्यूमरिक हा कॉलमचा प्रकार आहे, पण एसक्यूलाइटवर (एका फाईलीत मावणारा छोटा डेटाबेस) वॉर्निंग येते कारण तिथं डेसिमल मुळातच नाही, म्हणून मी सरळ इंटिजर ठेवला, ४५ रुपये ५० पैसे म्हणजे ४५५०.

आता खरी गोम. एक सभासद रोज दोन टाइम दूध घालतो म्हणजे एका माणसाच्या ढीगभर नोंदी, यालाच वन टू मेनी म्हणतात. नोंदीत सभासद_आयडी कॉलम घ्या आणि त्याला फॉरेनकी लावा (म्हणजे हा आकडा दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवतो), आत 'सभासद_यादी.आयडी', म्हणजे टेबलचं नाव, क्लासचं नव्हे. हे डेटाबेससाठी झालं. रिलेशनशिप वेगळी, ती फक्त पायथनच्या सोयीसाठी, तिच्यामुळं टेबलात कॉलम वाढत नाही. सभासदमध्ये नोंदी, मॅप्डच्या चौकोनी कंसात नोंद क्लासची लिस्ट. नोंदमध्ये मालक, कंसात नुसता सभासद, इथं मात्र क्लासचं नाव. दोन्हीकडं बॅक_पॉप्युलेट्समध्ये समोरच्या क्लासवरचं नाव द्यायचं, नोंदीला मालक आणि मालकला नोंदी. मी एकदा मालकच्या जागी मलक टाइप केलं, क्लास गप बनले आणि पहिला सभासद तयार करताना एरर, अर्धा तास वेगळ्याच फाईलमध्ये शोधत बसलो.

एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी ऐका, तिथं फॉरेन की तपासणी सहसा बंदच असते. मामानं सभासद नंबर ४१२ ऐवजी ४२१२ टाकला, असा सभासदच नाही, तरी नोंद बिनबोभाट सेव्ह झाली! प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा फॉरेन_कीज ऑन चालवावं लागतं, इंजिनच्या (डेटाबेसशी जोडणारा एसक्यूएलअल्केमीचा भाग) कनेक्ट इव्हेंटवर एक छोटं फंक्शन लावलं की झालं.

बिल काढताना सभासदांवर लूप लावून नोंदी मागितल्या तर प्रत्येक माणसामागं एक वेगळी क्वेरी जाते, इंजिन बनवताना एको ट्रू करून बघा, म्हणजे जाणारी प्रत्येक क्वेरी छापली जाते, स्क्रीन भरून वाहते. क्वेरीच्या ऑप्शन्समध्ये सिलेक्टइनलोड घाला, सगळ्यांच्या नोंदी एकगठ्ठा येतात.

आणि क्रिएट_ऑल फक्त नसलेली टेबलं बनवतं, असलेल्याला हात लावत नाही. नंतर मामाला एसएनएफचा (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कॉलम पाहिजे झाला, मी क्लासमध्ये घातला, टेबल तसंच. त्याला अलेम्बिक (असलेल्या टेबलात बदल करायचं साधन) लागतं, ते आधीच बसवून ठेवा.