एका घरात देव मानणारे आणि न मानणारे : एकत्र राहण्याची काही पथ्ये

गणपती यायला तीन आठवडे उरले असतील तेव्हाच, म्हणजे श्रावण सुरू असताना, घरातल्या मोठ्या माणसांनी एका संध्याकाळी वही घेऊन एकत्र बसावे, ही माझी पहिली सूचना आहे. ज्या घरात काही जण देव मानतात आणि काही जण मानत नाहीत, तिथले भांडण बहुधा चतुर्थीच्या सकाळी होते. चौरंग मांडलेला असतो, गुरुजी दारात आलेले असतात आणि "पूजेला कोण बसणार?" असे कोणीतरी सहज विचारते. त्या अर्ध्या तासात कोणाच्या मनात नव्याने श्रद्धा उपजत नाही आणि कोणाची असलेली जातही नाही. पण त्या घाईत तोंडून गेलेले शब्द पुढे वर्षानुवर्षे सलत राहतात. मी वारकरी घरातली आहे आणि विठ्ठलाला मनापासून मानते. माझे पती कोणताही देव मानत नाहीत. कोथरूडमध्ये आमचा संसार होऊन 31 वर्षे झाली. पुढे जे लिहिते आहे ते या संसारात शिकलेले आहे आणि त्यातले बरेचसे चुकल्यानंतर शिकलेले आहे.

वहीत सणाची सगळी कामे एकाखाली एक लिहावीत: मूर्ती आणणे, मखर उभारणे, दूर्वा आणि फुले आणणे, नैवेद्य करणे, पूजेला बसणे, आरती म्हणणे, आल्यागेल्याचे पाहणे, विसर्जन करणे. मग प्रत्येकाने प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक उत्तर लिहावे: "करीन", "हजर राहीन, पण करणार नाही" किंवा "त्या वेळी तिथे नसेन". तिन्ही उत्तरे सारख्याच मानाची आहेत हे आधी सर्वांनी कबूल केले पाहिजे, नाहीतर वहीचा उपयोग नाही. आमच्याकडे माझे पती मूर्ती आणतात, स्टुलावर चढून मखर बांधतात आणि मोदकांसाठी नारळ खवून देतात. आरतीच्या वेळी ते दाराशी उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करतात. टाळ्या वाजवत नाहीत आणि हातही जोडत नाहीत. पूजेला मीच बसते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलेले असल्यामुळे "यजमान पुरुषच हवा" असा आग्रह न धरणारे पुरोहित इथे शोधणे अवघड जात नाही.

सर्वांत अवघड उत्तर मधले असते. "हजर राहीन, पण करणार नाही" असे कोणी म्हटले की श्रद्धावंताला तो देवाचा अपमान वाटतो. मलाही पहिली काही वर्षे तसेच वाटत होते. माझ्या डोळ्यांसमोर पाठ ताठ ठेवून उभा असलेला माणूस मला दिसायचा. पण तोच माणूस पहाटे उठून मंडईतून दूर्वांची जुडी घेऊन आला आहे, हे मात्र दिसत नसे. कोणी कोणाकडे मन मागू नये, हात मागावेत, आणि हात जेवढे मिळतील तेवढे आनंदाने घ्यावेत, हे मी त्या दूर्वांवरून शिकले. न मानणाऱ्यानेही एक जाणून घ्यावे. "ये ना, आरती सुरू होते आहे" या हाकेत दर वेळी धर्मांतराचा डाव नसतो. बहुतेक वेळा आपले माणूस जवळ असावे एवढीच त्यामागे इच्छा असते.

यानंतरचे काम शब्दांचे आहे. आपण "नास्तिक" हा शब्द शिवी दिल्यासारखा वापरतो आणि "भाविक" हा शब्द भोळसट या अर्थाने. दोन्ही सवयी सोडाव्यात. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, असे म्हटले आहे. त्या व्याख्येने जैन आणि बौद्धही नास्तिक ठरतात, तर ईश्वराची गरजच न मानणारे सांख्य दर्शन आस्तिकांमध्ये मोजले जाते. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहितशाहीवर कठोर प्रहार केले, पण ते स्वतः निर्मिकाला, म्हणजे जगाच्या निर्मात्याला, मानत होते. आगरकरांची भूमिका अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही अशी, होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जाहीर भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध करण्याची आहे. एवढ्या वेगवेगळ्या भूमिका असताना समोरच्याला एका शब्दात कोंबणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा "तुम्ही नेमके काय मानत नाही?" असे विचारावे आणि श्रद्धावंतालाही "तुम्ही नेमके काय मानता?" हे विचारावे. माझ्या पतींना जगाचा कर्ता अमान्य आहे, पण तुकोबांच्या अभंगांविषयी त्यांना माझ्याइतकेच प्रेम आहे, हे मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळले, कारण तोवर मी विचारलेच नव्हते.

वाद करायचाच असेल तर आपल्याच परंपरेतली एक रीत फार उपयोगाची आहे. जुने शास्त्रकार आपले मत मांडण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडत असत. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथाची सुरुवात देव आणि वेद न मानणाऱ्या चार्वाकाच्या मताने होते, ती याच शिस्तीने. घरात ही रीत अशी पाळावी: समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगायचे, आणि "होय, मला हेच म्हणायचे आहे" असे तो म्हणेपर्यंत आपले उत्तर द्यायचे नाही. आम्ही हे प्रथम केले तेव्हा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबापाशी. माझ्या पतींच्या बाजूने मी म्हणाले, "तुम्हाला वाटते की माणसाने केलेल्या चांगल्या कामाचे श्रेय देवाला दिले की माणूस लहान होतो." ते म्हणाले, "होय." मग माझ्या बाजूने ते बोलले: "तू पालखीला काही मागायला जात नाहीस. तिथे तुला तुझी आई भेटते, कारण लहानपणी तिनेच तुला बोट धरून नेले होते, आणि त्या गर्दीत तू कोणाची कोण हे कोणी विचारत नाही." एवढे नेमके मला स्वतःलाही कधी सांगता आले नव्हते. त्या दिवशी आमचा वाद पुढे गेलाच नाही आणि दुसऱ्या दिवशी पालखी पाहायला ते माझ्याबरोबर हडपसरपर्यंत चालत आले.

आता दोन चुका सांगते. पहिली माझी. त्यांचे मोठे ऑपरेशन झाले तेव्हा, ते बरे झाले तर त्यांना पंढरपूरला दर्शनाला नेईन, असा नवस मी बोलले आणि ते घरी आल्यावर मोठ्या आनंदाने त्यांना सांगितले. ते दुखावले गेले. आजारात आपण बोलू शकत नसताना आपल्या नावाने कोणीतरी शब्द देऊन टाकला, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. नवस, उपवास, व्रत जे करायचे ते स्वतःच्या देहाने आणि स्वतःच्या नावाने करावे. दुसऱ्याचा देह त्यात गुंतवू नये. पुढे मी एकटी पंढरपूरला जाऊन आले. दुसरी चूक त्यांची. माझा आठ वर्षांचा भाचा मूर्तीपुढे डोळे मिटून उभा असताना "अरे, ही शाडूची माती आहे" असे ते सर्वांसमोर म्हणाले. मुलगा गोंधळून माझ्या आईकडे पाहू लागला आणि माझी आई उठून आत निघून गेली. ते वाक्य खोटे नव्हते, पण त्याची वेळ क्रूर होती. मुलाशी मतभेदाविषयी बोलायचे असल्यास पूजा आटोपल्यावर, शांतपणे, आणि "आजीला असे वाटते, मला तसे वाटते, मोठा झालास की तू ठरव" अशा शब्दांत बोलावे. आमच्या मुलाची मुंज आम्ही याच कारणाने त्याच्या इच्छेवर सोडली.

सहिष्णुतेलाही हद्द असते, आणि ती आधीच आखून ठेवावी. कोणी आजारी माणसाचे औषध थांबवून अंगारा देऊ लागला, करणी केली म्हणून शेजारणीकडे बोट दाखवू लागला किंवा भूत उतरवण्यासाठी मारहाण करू लागला, तर तिथे "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून गप्प बसणे पाप आहे, असे मी श्रद्धावंत म्हणूनच म्हणते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हीच रेषा आखली आहे. साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे. पण वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना हा कायदा लागू होत नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या नात्यातल्या अनेकांनी हा कायदा न वाचताच त्याला धर्मविरोधी ठरवले होते. मी त्यांना ते कलम वाचून दाखवले, तेव्हा निम्मा राग तिथेच ओसरला.

हिंसेविषयी तर मतभेदाला जागाच नाही. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली होती. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. या खटल्यात 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची मुक्तता केली. त्या पुलावरून जाताना मी हात जोडते आणि माझे पती क्षणभर थांबतात. घरातल्या कोणी त्या हत्येचे समर्थन केले, मग तो कितीही वडीलधारा असो, तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे, आणि हे थांबवण्याचे काम घरातल्या श्रद्धावंतानेच करावे. न मानणाऱ्याने थांबवले तर तो पक्षाचा वाद होतो.

सोसायटीतल्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत. वर्गणी ऐच्छिक ठेवावी आणि कोणी किती दिली याची यादी जिन्यात लावू नये. स्पीकरचा त्रास होत असेल तर तक्रार आवाजाचीच करावी. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि एरवी रात्री दहानंतर स्पीकर बंद असला पाहिजे. सणाच्या ठरावीक दिवसांपुरती शासन सवलत देते. त्या तक्रारीत "तुमचे हे थोतांड" असा एक शब्द जरी आला, तरी आवाजाचा मुद्दा बाजूला पडतो आणि गणपतीचा सुरू होतो. विसर्जनाच्या दिवशी हौदापाशी निर्माल्य वेगळे करण्याच्या कामात मात्र मी दोन्ही मतांची माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली पाहिली आहेत. तिथे कोणी कोणाला मत विचारत नाही.

कागदोपत्रीही कोणावर सक्ती करता येत नाही. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी आणि धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य नंतर आले आहे. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले आहे. मुलाने अर्जातला धर्माचा रकाना मोकळा सोडला म्हणून घरात आकांत करू नये.

शेवटी मरणोत्तर विधींविषयी लिहिते, कारण सर्वांत कडू भांडणे मी स्मशानात झालेली पाहिली आहेत. आयुष्यभर देव न मानलेल्या माणसाच्या मुखात गंगाजल घालायचे की नाही यावरून दोन भाऊ वैकुंठ स्मशानभूमीत हमरीतुमरीवर आले होते, आणि गेलेल्या माणसाने स्वतः काहीच लिहून ठेवले नव्हते. म्हणून प्रत्येकाने आपली इच्छा लिहून, सही करून, मुलांना वाचून दाखवावी. देहदान करायचे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज आधीच भरावा, आणि देह सोपवण्याचे काम मागे राहिलेल्यांनाच करावे लागते हे ध्यानात ठेवून त्यांची मनोमन संमती घ्यावी. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या पतींनी लिहिले आहे की त्यांचा देह महाविद्यालयाला द्यावा, दहावे-तेरावे करू नये, आणि मला माझ्या समाधानासाठी हरिपाठ म्हणायचा असल्यास खुशाल म्हणावा. त्याखाली मी लिहिले आहे की माझे दहावे रीतीप्रमाणे व्हावे. पिंड माझा भाचा ठेवील, तोच भाचा, जो आता मोठा झाला आहे. माझे पती पिंडाला हात लावणार नाहीत, पण कावळा शिवेपर्यंत तिथून उठणार नाहीत, असे त्यांनी स्वतःच्या अक्षरात त्या ओळीपुढे लिहून दिले आहे.