टेलेतॉन बघायचा तर वही-पेन्सिल घेऊन

लियाँला आले तेव्हा मला फ्रेंच आकडे अजिबात कळत नसत. भाजीवाला काय मागतोय ते न समजल्यामुळे मी दर वेळी नोटच पुढे करायची. ते आकडे मी शिकले टेलेतॉनच्या, म्हणजे दुर्मीळ आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनासाठी देणग्या जमवणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाच्या, दोन रात्रींत. कसे, ते सांगते.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका शुक्रवारी संध्याकाळी फ्रान्स 2 या वाहिनीवर हा कार्यक्रम लागतो, तो थेट शनिवारी मध्यरात्र उलटेपर्यंत. साधारण 30 तास. सगळा बघायच्या फंदात पडू नका, डोकं उठतं. शुक्रवारी रात्री आजारी मुलांच्या घरच्यांच्या मुलाखती तेवढ्या बघा आणि झोपा. शनिवारी दुपारी टीव्ही बंद करून गावच्या चौकात जा. तिथे कुणी सूप विकतं, कुणी जागच्या जागी सायकल मारत बसतं, आणि ते पैसेही याच खात्यात जातात.

खरी बैठक शनिवारी रात्री दहानंतर. वही घ्या, पेन्सिलच घ्या, कारण खोडावं लागतं. जमा रकमेचा आकडा मोठ्याने वाचला की पडद्याकडे न बघता लिहायचा. 'स्वासांत' ऐकलं की हात 6 लिहून मोकळा होतो, मागाहून 'दूझ' येतं आणि कळतं, साठ-बारा म्हणजे 72! मग 6 चा 7 करा. सत्त्याण्णव म्हणजे 'कात्र-व्हँ-दी-सेत': चार विसा, दहा, सात. इथे मला आमची कोकणातली आजी आठवली. ती नारळ विशांतच मोजायची, 'चार विसा नि सतरा.' तिला हे फ्रेंच पहिल्या रात्रीत जमलं असतं.

पैसे द्यायचे असतील तर 3637 फिरवा. आकडा सावकाश सांगा, पलीकडचे स्वयंसेवकही जागरणाने पेंगुळलेले असतात. इथे कर भरत असाल तर दिलेल्या रकमेच्या 66 टक्के करातून वजा होतात, म्हणजे 30 युरो दिले तर खिशातून जातात दहाच्या आसपास. पावती जपून ठेवा.

रडवण्यासाठी केलेले प्रसंग मलाही खटकतात. तेवढ्या वेळात मी चहा टाकते. पण 1987 पासून जमत गेलेल्या पैशांतून 1990 साली पॅरिसजवळच्या एव्हरीला जेनेतॉन ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि मानवी जनुकसंचाचे सुरुवातीचे नकाशे तिथे तयार झाले. ते आठवलं की परत येऊन बसते.

शेवटच्या आकड्याला टाळ्या पडतात, तेव्हा एक लक्षात ठेवा: त्यात कबूल केलेले पैसे धरलेले असतात. प्रत्यक्ष जमेचा आकडा काही महिन्यांनी जाहीर होतो. 2006 चा 10 कोटी 60 लाख युरोंच्या वर गेला होता. म्हणून वहीत शेजारी एक ओळ रिकामी सोडा.