केबल सोडून डीटीएच घ्यावे का?

प्रथम छतावर किंवा गच्चीत उभे राहून दक्षिण ते आग्नेय दिशेचे आकाश मोकळे आहे का, हे पाहावे, कारण महाराष्ट्रातून डीटीएचचे प्रमुख उपग्रह त्याच बाजूला येतात आणि समोर इमारत किंवा दाट आंबा असेल तर पुढचा विचारच निरर्थक ठरतो. केवळ वाहिन्या स्वस्त मिळतील या आशेने मात्र बदल करू नये. २०१९ पासून लागू झालेल्या ट्राय या दूरसंचार व प्रसारण नियामकाच्या व्यवस्थेत सशुल्क वाहिनीची कमाल किरकोळ किंमत प्रसारकच ठरवतो आणि ती दोन्हीकडे सारखीच असते. तुलना करायची ती नेटवर्क शुल्क (वाहिन्यांच्या किमतीखेरीज सेवा पुरवठादार घेतो तो मासिक आकार), सेट-टॉप बॉक्स आणि दुरुस्तीच्या खर्चाची. कोकणात मुसळधार पावसात डीटीएचचे चित्र काही काळ जाते, हेही गृहीत धरावे. मोजक्याच वाहिन्या पाहणाऱ्यांनी मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश आधी अवश्य तपासावी.