दाबलाय कुठून, मोजलाय कुठून?

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी गाइड मॅडमनी तांबं-ग्राफाइट कंपोझिट (दोन्हीच्या भुकट्या मिसळून, दाबून केलेला पदार्थ) हा विषय दिला, तेव्हा तो सोपा वाटला होता. तांब्याची उष्णतावाहकता साधारण 400 वॅट प्रति मीटर-केल्विन. चांगल्या स्फटिकी ग्राफाइटची पापुद्र्याच्या पातळीत 1500 च्याही पुढे. दोन्ही मिसळली की चारशेच्या वर आकडा येणारच, वजनही कमी होणार. पहिला नमुना मोजला तर आकडा शंभराच्या खाली. नुसतं तांबं दाबलं असतं तरी बरं, असं झालं.

आठवडाभर मी मशीनला नावं ठेवली, कॅलिब्रेशन पुन्हा केलं. शेवटी लॅबमधल्या काकांनी ती चकती हातात घेतली आणि विचारलं, "ताई, हा दाबलाय कुठून आणि मोजलाय कुठून?" दोन्हीचं उत्तर एकच होतं, वरून.

ग्राफाइटचे फ्लेक खारीच्या पापुद्र्यांसारखे असतात. हॉट प्रेसमध्ये, म्हणजे भुकटी साच्यात तापवून दाबणाऱ्या मशीनमध्ये, वरून दाब पडला की ते आडवे झोपतात. त्या आडव्या पातळीत उष्णता सुसाट धावते. पापुद्र्यातून पापुद्र्यात, म्हणजे वरून खाली जाताना मात्र ग्राफाइटची वाहकता जेमतेम 5 ते 10. आणि लेझर फ्लॅश या मोजणीच्या मशीनवर चकतीच्या एका तोंडावर प्रकाशाचा झटका देऊन दुसऱ्या तोंडाचं तापमान पाहतात. म्हणजे मी नेमकी वाईट दिशा मोजत होते.

आडवी दिशा मोजायची तर आधीपासून तयारी लागते. तीन मिलिमीटरची चकती दाबून उपयोग नाही. 10 मिलिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा हवा, तर गोळा त्याहून उंच दाबायचा, मग वायरकटवर (तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या मशीनवर) उभे काप काढायचे. भोसरीत मी एका वायरकटवाल्याकडे गेले होते. त्याने पहिला गोळा आडवा कापून दिला. चूक माझीच, ड्रॉइंगवर बाण काढला नव्हता. कापलेल्या तोंडावरचा जळका थर पॉलिश करून काढा, पण हलक्या हाताने. जोर लावला तर ग्राफाइट उपटून येतं आणि खड्डे राहतात.

वजनाच्या टक्क्यांत फसू नका. तांब्याची घनता 8.96 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, ग्राफाइटची 2.26. आकारमानाने निम्मं ग्राफाइट हवं असेल तर वजनाने फक्त 20 टक्के घालायचं. माझ्या एका ज्युनिअरने वजनाने निम्मं घातलं. ते आकारमानाने 80 टक्के झालं आणि डायमधून, म्हणजे साच्यातून काढताना गोळा बोटांत चुरला.

मिसळताना बॉल मिल (आत गोळ्या घालून फिरवायचं पिंप) वापरायचा मोह होतो. मीही आठ तास फिरवली होती. फ्लेकचा भुगा झाला. मोठा फ्लेक म्हणजे वाटेत कमी सांधे, त्यामुळे तो शाबूत ठेवणं महत्त्वाचं. थोडं अल्कोहोल घालून सावकाश मिसळलं की तांब्याची भुकटी फ्लेकला चिकटते, तळाला बसत नाही.

तांबं आणि ग्राफाइट यांच्यातल्या सांध्याचं प्रकरण सगळ्यांत चिवट. वितळलेलं तांबं ग्राफाइटवर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं थेंब होऊन बसतं, पसरत नाही. थोडं क्रोमियम, टायटॅनियम किंवा बोरॉन घातलं तर मध्ये कार्बाइडचा पातळ थर तयार होतो आणि पकड येते. जास्त घातलं तर तोच थर उष्णतेला अडवतो. शिवाय उरलेलं टायटॅनियम तांब्यात विरघळून तांब्याचीच वाहकता पाडतं. ॲल्युमिनियम घेणाऱ्यांची डोकेदुखी वेगळी: तिथे ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं आणि ओलावा लागला की फुटून मिथेन सोडतं. पावसाळ्यात नमुने डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा.

एवढा खटाटोप कशाला, तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी, चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या पट्टीसाठी. सिलिकॉन दर केल्विनला दहा लाखांत अडीच-तीन भाग प्रसरतो, तांबं 17, ॲल्युमिनियम 23. चिप तापते-निवते, प्रसरणातल्या या फरकाने सोल्डर तडकतं. ग्राफाइट आडव्या पातळीत जवळजवळ प्रसरतच नाही. उभ्या दिशेने मात्र तांब्यापेक्षाही जास्त, साधारण 28. म्हणून प्रसरण मोजणाऱ्या डायलॅटोमीटरवरही दोन्ही दिशांचे नमुने लावा.

लेझर फ्लॅशची पद्धत 1961 सालची आहे आणि गणित एका ओळीचं: जाडीचा वर्ग गुणिले 0.1388, भागिले मागच्या तोंडाचं तापमान कमाल वाढीच्या निम्म्यापर्यंत चढायला लागलेला वेळ. दोन मिलिमीटर तांब्यात हा वेळ सुमारे 5 मिलिसेकंद. जाडीचा वर्ग येतो, म्हणून व्हर्नियरवर 2 टक्के चुकलात की उत्तर 4 टक्के चुकतं. मायक्रोमीटर वापरा, पाच ठिकाणी मोजा. आलेला आकडा उष्णता किती झटपट पसरते त्याचा (डिफ्युझिव्हिटी); त्याला घनता आणि विशिष्ट उष्मा यांनी गुणायचं, तेव्हा वाहकता मिळते. घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने (हवेत आणि पाण्यात बुडवून वजन करून) प्रत्यक्ष काढा, मिश्रणाच्या सूत्रातून नको. आत पोकळ्या राहिल्या असतील तर त्या तिथेच पकडल्या जातात.

मार्करचा बाण पॉलिश करताना पुसला जातो. मी आता गोळा डायमधून बाहेर आला की दाबाच्या बाजूच्या कडेला कानशीने एक खाच मारते, आणि वायरकटला देताना ती खाच बोट ठेवून दाखवते.